गोड प्लांटचा माणूस

माझ्या नवऱ्याला पाहण्याआधी मी त्याचा वास घेतला होता. चारचौघांत सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून अठरा वर्षं कुणाला सांगितली नाही.

कांदेपोह्यांचा कार्यक्रम उल्हासनगरच्या आमच्या घरी होता. मी स्वयंपाकघरात ट्रे धरून उभी होते आणि मावशी माझ्या पदराला पिन लावत होती. बाहेर दार उघडलं, चपला काढल्याचा आवाज झाला, आणि बाबांच्या "या, या"च्याही आधी तो वास आत आला. गोड, मागून किंचित कडू. मूठभर बदामांत एखादा कडू निघावा तसा. ट्रेमधल्या कपबश्या वाजल्या.

"अगं, माणसंच आहेत ती," मावशी म्हणाली. तिला वाटलं मी घाबरले.

घाबरले नव्हते. लहानपणी आमच्या तळमजल्यावर एक सिंधी आंटी राहायची. ती घरी नानखटाई आणि बिस्किटं करून दुकानांना द्यायची. आई-बाबा दोघंही नोकरीला, त्यामुळे आमच्या घराची किल्ली तिच्याकडे असायची. दुपारी शाळेतून येऊन जिन्याशी पोचले की बदामाच्या इसेन्सचा वास यायचा, मग आंटीचं दार उघडायचं, किल्ली मिळायची आणि किल्लीबरोबर एक तुटकं बिस्किट. हा वास आला की दार उघडतं आणि कुणीतरी आपलं भेटतं, एवढं माझ्या शरीराने तेव्हाच पाठ करून टाकलं होतं.

बाहेर येऊन बसलेल्या गृहस्थाला यातलं काहीच माहीत नव्हतं. फोटोत तो बेताचाच दिसला होता. कान मोठे, केस मागे हटायला लागलेले. पण त्या दिवशी समोर बसलेला माणूस मला चक्क देखणा वाटला. त्याने दोन वाक्यं बोलायच्या आत माझा निर्णय झाला होता. पुढची चाळीस मिनिटं मी शिष्टाचार म्हणून बसले.

ते लोक गेल्यावर मावशीने निकाल दिला. "मुलगा डोक्याला बदामाचं तेल लावतो गं. कारखान्यातून थेट आलाय म्हणे, तरी वास बघ कसा टिकलाय. खाऊनपिऊन सुखी घर आहे."

"रोज लावत असेल," आई म्हणाली.

"रोज लावणाराच पाहिजे. तो मागचा बघितलास ना? देवा!"

मागचा म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी येऊन गेलेला. तोही रसायनवालाच, दुसऱ्या कंपनीतला, बदलापूरला राहणारा. त्याच्याशी मी पुस्तकांवर बोलले होते, आणि तो खरोखर वाचणारा निघाला होता. वाचनाची आवड बायोडेटात लिहिणारे पुष्कळ असतात. विचारलं की शेवटचं पुस्तक दहावीच्या अभ्यासक्रमातलं सांगतात. हा तसा नव्हता. दिसायलाही बरा होता. पण त्याच्या अंगाला मासळी बाजार उठून गेल्यानंतरचा वास होता, साबणाच्या थराखालून येणारा. बिचाऱ्याने सुरुवातीलाच सांगितलं होतं, "प्लांटचा वास आहे, जात नाही, माफ करा." आम्ही त्याला 'विचार जुळत नाहीत' असं कळवलं. माझ्या आयुष्यात विचार इतके कुणाशीच जुळले नव्हते.

लग्नानंतर मी अंबरनाथ पूर्वेला आले. इमारतीत निम्मी बिऱ्हाडं कारखान्यांतल्या लोकांची. तिथे नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात जे काही शिकवतात त्यात हेही होतं, की गॅलरीत वाळत घातलेल्या शर्टांवरून नवरा कुठल्या प्लांटचा ते ओळखायचं. लसूणवाले, रबरवाले, मासेवाले, सडक्या अंड्याचे. आमचा गोड प्लांटचा. शेजारच्या काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या, "तुझं नशीब बाई. गोड प्लांटची मुलं पटापट खपतात. आमच्या ह्यांना चार ठिकाणी नकार आला होता, पाचवी मी. मला तेव्हा सर्दी होती."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्यात एक प्रश्न कुणीच विचारला नाही, की लसूणवाल्याच्या घामाला लसणाचा वास येतो म्हणजे लसूणवाल्याच्या आत काय गेलेलं असतं?

मी त्याचे शर्ट इतर बायकांसारखे दोनदा धुवायची नाही. धुतलेले शर्ट माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवायचे, म्हणजे साड्यांना तो वास लागायचा. हळूहळू माझ्या लक्षात आलं की कपडे हे निमित्त आहे. आंघोळ करून, दात घासून, घरचा पायजमा घालून तो शेजारी बसला तरी वास येतोच. श्वासातून येतो. मला ते फार आवडायचं. इतरांचे नवरे कपडे बदलले की संपायचे, माझा आतूनच तसा होता.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. रविवारच्या पुरवण्यांमध्ये वर्षातून दोनदा तरी लेख येतो, की माणूस जोडीदार डोळ्यांनी निवडतो असं त्याला वाटतं, खरी निवड नाक करतं. कधी त्यात उंदीर असतात, कधी घामाचे बनियन. शेवटी कुठल्यातरी अत्तराची जाहिरात असते. लेखकांचं आपसांत जमत नाही, पण सगळे एका बाबतीत ठाम असतात, की नाक फसत नाही. निसर्गाने दिलेलं आहे, म्हणजे शहाणंच असणार. नाक फसत नसेलही, पण ते ज्या काळात घडलं त्या काळात अंबरनाथला कारखाने नव्हते.

नवऱ्याची कंपनीत ख्याती होती ती नाकाचीच. पंपाला, पाइपच्या जोडाला कुठे बारीक गळती असेल तर मीटर घेऊन शोधायला वेळ लागतो. हा नुसता फिरायचा, मान वर करून थांबायचा आणि बोट दाखवायचा. तिथेच ओलं सापडायचं. हवेत किती रसायन आहे ते दाखवणारा, छातीला लावायचा बॅज त्याच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असायचा. "मी असताना बॅज कशाला?" हे तो गर्वाने नाही, अगदी साधेपणाने म्हणायचा. तरुण ऑपरेटर त्याला 'नाकसाहेब' म्हणत. काही वर्षांत तो सीनियर झाला, मग पूर्ण प्लांटचा उपप्रमुख.

आम्ही फिरायलाही पुष्कळ जायचो. वर्षातून दोनदा, आठ-आठ दिवस. दापोली, महाबळेश्वर, एकदा पार तारकर्ली. शेजारणी हेवा करायच्या. मला मात्र त्या सहली मानवायच्या नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी चिडचिड करू लागे. समुद्र समोर, नवरा शेजारी, तब्येत ठणठणीत, आणि तरी काहीतरी हरवल्यासारखं वाटे. एकदा तर तो आंब्याच्या झाडाखाली खुर्चीत बसला होता आणि मला वाटलं, हा कोण माणूस आहे? कान किती मोठे आहेत याचे. घरी परतल्यावर, तो कामावर जाऊ लागल्यावर, दोन दिवसांत सगळं पूर्ववत होई. मी त्याला 'हवापालट सोसत नाही' असं नाव दिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पालेगावात नव्या सोसायटीत राहायला आलो. जिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत भाताची शेतं होती तिथे आता एकवीस मजले आहेत आणि फाटकावर सिमेंटचे दोन उधळलेले घोडे. घोड्यांच्या नाकपुड्या फुगलेल्या आहेत. शिल्पकाराला स्वतःला कळलं नसेल, पण वारा कारखान्यांच्या बाजूने वाहतो तेव्हा ते घोडे फार समर्पक दिसतात.

त्या घरातली गोष्ट. रविवारी सकाळी मी दूध गॅसवर ठेवून आंघोळीला गेले. साबण लावतानाच जळका वास आला. मी हाका मारल्या; पंखा चालू होता, त्याला ऐकू गेलं नाही. तशीच बाहेर आले. दूध उतू जाऊन आटून पातेलं काळं झालेलं, स्वयंपाकघरात धूर, आणि चार हातांवर डायनिंग टेबलाशी हा पेपर वाचतोय. पाठ धुराकडे.

"अरे, वास नाही आला?"

त्याने वळून पाहिलं. धूर दिसल्यावर चेहऱ्यावर सगळं आलं, घाई, ओशाळेपण. "आला ना. मला वाटलं शेजारी काही जळतंय."

प्लांटच्या शंभर जोडांतून गळका जोड शोधणारा माणूस.

मी पातेलं घासायला टाकलं. पण त्या आठवड्यात कॉलेज सुटल्यावर उल्हासनगरच्या बाजारात गेले. एका गल्लीत इसेन्सची दुकानं आहेत. बेकरीवाले, अगरबत्तीवाले, साबणवाले तिथून माल नेतात. लहानपणी आंटीबरोबर गेले होते, त्याच दुकानात गेले. तिथला सिंधी म्हातारा आता खूपच थकलेला, पण काउंटरमागे तोच बसलेला. मी बदामाचा इसेन्स मागितला. बाटली देताना तो थांबला. हवेत नाक फिरवलं. मग माझ्याकडे रोखून पाहिलं.

"दीदी, आप साबण का धंदा करती हो क्या?"

"नहीं तो."

"फिर ये मिरबेन कहाँ से लगाया?"

मला कळेना. त्याने माझ्या पदराकडे बोट केलं. "ये जो बास आ रही है. बदाम नहीं है ये. बदाम का भाई समझो, लुच्चा भाई. मेरे बाप के टाइम में सस्ते साबण में डालते थे, पैसा बचता था. हमारा एक आदमी ड्रम भरता था, नीला पड़ गया. होंठ नीले, नाखून नीले. बाप ने उसी दिन पूरा माल फिंकवा दिया." मग हात जोडल्यासारखं करून म्हणाला, "साड़ी अच्छी है, दीदी. धो डालो."

मी त्याला सांगितलं नाही की ही साडी काल धुतलेली आहे. कपाटातली आहे.

ग्रंथपालाला शोधायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राच्या जाड कोशात पान सापडलं. जुनं बाजारी नाव मिरबेनचं तेल, शास्त्रीय नाव नायट्रोबेन्झीन. नवऱ्याच्या कंपनीतल्या पिंपांवर मी ते अठरा वर्षं वाचलेलं होतं. कातडीतून आत जातं, श्वासातून आत जातं. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. रक्ताचा रंग चॉकलेटी होतो. आणि श्वासाला कडू बदामाचा वास येतो. हे शेवटचं वाक्य मी वाचलं, मग कोश बंद केला, मग पुन्हा उघडून वाचलं. पुरवणीतल्या लेखांनी सांगितलं होतं ते खरं होतं. मी निवड नाकानेच केली होती. मी एका माणसातलं विष निवडलं होतं आणि माणूस त्याच्याबरोबर आला होता.

शनिवारी मी खीर केली. वेलची अजिबात घातली नाही. बदामाचा इसेन्स मात्र इतका घातला की माझेच डोळे चुरचुरले. तो दोन वाट्या खाऊन म्हणाला, "वेलची छान लागतेय."

दुपार होती. खिडकीतून सरळ ऊन टेबलावर पडलं होतं. मी त्याचा हात धरून उन्हात ओढला. नखं खालून जांभळट दिसत होती, थंडीत भिजलेल्या माणसासारखी. मे महिना होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"खिरीत वेलची नाहीये."

त्याने चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाला, "दोन-अडीच वर्षं झाली असतील. आधी प्लांटचा हा एकच वास गेला. मग बाकीचे."

"मग गळती कशी शोधतोस?"

"पोरांकडे बघतो," तो म्हणाला. "राउंडला पुढे ऑपरेटरला चालायला सांगतो. कुठे नाक मुरडतात, कुठे श्वास धरतात ते बघायचं. तिथे बोट दाखवायचं. आजवर चुकलो नाही."

"आणि ते पुढे चालणारे?"

"ते नवे असतात. त्यांचं नाक चांगलं असतं."

मग हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. सहा महिन्यांनी एकदा रक्ततपासणी असते. रक्तात दोष निघाला तर प्लांटमधून काढून ऑफिसात बसवतात. हुद्दा तिथेच थांबतो. म्हणून गोड प्लांटचे जुने लोक तपासणीच्या आधी आठ दिवस रजा टाकतात. आठ दिवसांत रक्त साफ होतं. डॉक्टरांना माहीत असतं, सगळ्यांनाच माहीत असतं, रजेचा अर्ज करताना कारकून विचारतो, "यंदा कुठे, कोकण का?"

दापोली, महाबळेश्वर, तारकर्ली. आमचा संसार इतका हौशी का होता हे मला अठराव्या वर्षी कळलं. आणि मला तिथे हवापालट का सोसत नव्हता तेही.

"ह्या खेपेची कधी आहे?"

"तीन आठवड्यांनी. दापोलीचं बुकिंग केलंय." मग आवाज उतरवून, "एवढी एक निघू दे. साहेब डिसेंबरला रिटायर होतायत. प्लांट माझ्याकडे येणार आहे. मग मी केबिनमध्येच बसेन. तू फक्त बोलू नकोस कुठे."

मी हो म्हटलं. त्या क्षणी तो माझ्या अगदी जवळ होता आणि त्याच्या श्वासाला वास येत होता, आणि मी शपथेवर सांगते, सगळं माहीत असूनही मला तो देखणा दिसत होता.

पुढच्या आठवड्यात कंपनीत सुरक्षेचा कार्यक्रम होता, अधिकाऱ्यांना सहकुटुंब आमंत्रण. ज्वलनशील पदार्थांच्या आवारात प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन झालं. पाहुणे पन्नास मिनिटं उशिरा आले आणि 'वेळीच सावध होणे' या विषयावर बोलले. सगळ्यांनी उजवा हात पुढे करून शपथ घेतली. मग माझ्या नवऱ्याचं नाव पुकारलं गेलं. लाकडी फळीवर पितळी पत्रा आणि पत्र्यावर कोरलेलं नाक, खाली 'आमच्या प्लांटचे नाक'. टाळ्या वाजल्या. कोरणाऱ्याने नाकपुड्या काढल्या नव्हत्या. नुसता सरळ, बंद, ग्रीक पुतळ्यासारखा अवयव.

त्याच्या मागे ऑपरेटर पोरं उभी होती. शिट्ट्या वाजवत होती. "नाकसाहेब! नाकसाहेब!" मी एकेकाचा चेहरा बघत होते. यांतलं पुढे कोण चालतं?

समोशाची प्लेट घेऊन बाजूला उभी असताना कुणीतरी म्हणालं, "नमस्कार, वहिनी."

तो बदलापूरचा मासेवाला होता. चार वर्षांपूर्वी त्याने कंपनी बदलली होती आणि तो आमच्याकडे सुरक्षा अधिकारी झाला होता. नवरा घरी त्याला 'तुझा मासेवाला' म्हणायचा. तब्येत छान होती. वासबीस काही नव्हता. जुना प्लांट सोडून वर्षं झाली होती.

"तुमच्या मिस्टरांना एकदा बॅज लावायला सांगा," तो म्हणाला. "माझं ऐकत नाहीत. म्हणतात, मला कशाला?"

"तुमच्या जुन्या प्लांटमध्ये लोक लावायचे?"

तो हसला. "तिथे गरजच नव्हती. असला घाण वास, की गळती झाली की माणूस आपोआप पळायचा. त्या वासाने आमची लग्नं मोडली, वहिनी, पण जीव वाचले." हे तो कुठलाही सल न ठेवता बोलला, म्हणून मला जास्त लागलं. "इकडचं अवघड आहे. हा वास लोकांना आवडतो. नवी पोरं अजून मुरडतात नाक, पण वर्षभरात त्यांनाही आवडायला लागतो. मग कोण सांगणार?"

व्यासपीठावर नवरा त्या बंद नाकाची फळी हातात धरून फोटोसाठी उभा होता. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, स्माइल." ओठ फाकले. दिव्यांच्या उजेडात ते जांभूळ खाल्ल्यासारखे दिसले.

"त्यांना वास येत नाही," मी म्हणाले.

"काय?"

"अडीच वर्षं झाली. कुठलाच येत नाही. ते पोरांची तोंडं बघून सांगतात. आणि त्यांची तपासणी दापोलीनंतर करू नका. उद्या करा."

त्याने प्लेट खाली ठेवली. मला एकही प्रश्न विचारला नाही. वाचणारा माणूस होता.

दुसऱ्या दिवशी काढलेलं रक्त कसं होतं ते मी पाहिलं नाही, पण नवऱ्याने पाहिलं. संध्याकाळी घरी येऊन सोफ्यावर बसला. "चॉकलेटी," एवढंच म्हणाला. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं, प्राणवायू, सलाइन. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. रक्त सुधारेल. नाकाचं सांगता येत नाही.

त्याला चिखलोलीच्या बाजूला कंपनीचं छोटं ऑफिस आहे तिथे बसवलं. प्लांटचा उपप्रमुख दुसराच झाला. कंपनीत कुणी सांगितलं असेल, हे त्याने दोन महिने मला विचारलं नाही. मग एकदा भाजी निवडता निवडता म्हणाला, "त्या मासेवाल्याला तू वास येतो म्हणून नाकारलंस. मला वास येत नाही म्हणून. नाकारायचं तर घरात नाकारायचं होतंस, स्टेजखाली कशाला?"

मी निवडलेली भाजी चाळणीत घेतली. जे खरं उत्तर होतं ते ह्याहून वाईट होतं. कारण त्या दोन महिन्यांत त्याच्या अंगाचा वास गेला होता. आधी श्वासातून, मग कपड्यांतून. साड्या मी तीन-तीनदा धुतल्या, उन्हात घातल्या, कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवला. आता घरात एक निरोगी माणूस राहत होता. नखं गुलाबी. दम लागत नव्हता. मी त्याचा जीव वाचवला होता आणि मला तो ओळखू येत नव्हता. रात्रंदिवस दापोलीचा चौथा दिवस चालू होता. मी त्याच्याकडे मुद्दाम बघायला शिकले. कान, हनुवटीखालचा व्रण, चष्मा पुसायची लकब. एखाद्याच्या नजरेसमोर अठरा वर्षं टेबल असावं आणि त्यावरचं मेणकापड काढल्यावर लाकूड दिसावं, तसं. लाकूड वाईट नव्हतं. पण माझ्या हाताला सवय मेणकापडाची होती.

हे मी लिहिते आहे त्याच्या मागच्या रविवारची गोष्ट. दुपारचे बारा वाजले असतील. मी ओट्याशी पोळ्या करत होते, तवा तापला होता, खिडक्या उघड्या. आणि एकदम मला फार बरं वाटलं. कशामुळे ते कळायच्या आधी बरं वाटलं. खांदे सैल झाले. मी पदर नीट केला. आता दार उघडेल, असं वाटलं, आणि मी गॅस बारीक करून दाराकडे निघालेसुद्धा. तो आला, एवढंच मनात.

तो समोरच बसला होता. डायनिंग टेबलाशी, पेपर वाचत, पाठ खिडकीकडे.

मी जागच्या जागी उभी राहिले. वास वाढत होता. इतका मी कधीच घेतला नव्हता, अगदी पहिल्या वर्षीही नाही. गोड, दाट, मागून कडू. खाली कुठेतरी लहान मुलं खेळत होती आणि कुणीतरी कुणाला ओरडून म्हणालं, "क्या मस्त खुशबू आ रही है यार, केक बन रहा है किधर तो."

"वास येतोय," मी म्हणाले.

त्याने मान वर केली. "कसला? काही जळतंय?"

"नाही. तुझा."

त्याला कळायला क्षणही लागला नाही. पेपर खाली ठेवला आणि तो माझ्या चेहऱ्याकडे बघू लागला. राउंडला पुढे चालणाऱ्या पोरांच्या चेहऱ्याकडे बघत असेल, तसा. किती आहे, कुठून आहे, हे वाचत. मी नाक मुरडायला हवं होतं. श्वास धरायला हवा होता. मला माहीत होतं माझ्या चेहऱ्यावर काय आहे, आणि ते मला आवरता येत नव्हतं.

"इतकी वर्षं अशी बघायचीस," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, माझ्याकडे बघतेस."

मग फोन उचलला, कंट्रोल रूमचा नंबर लावला आणि मला म्हणाला, "खिडक्या लाव सगळ्या. खालच्या पोरांना आत बोलाव." रिंग वाजत होती, मला इथवर ऐकू येत होती. त्याने तोडली, पुन्हा लावली. कुणी उचलत नव्हतं. तिसऱ्यांदा सुरक्षा अधिकाऱ्याचा नंबर लावला. तोही वाजत राहिला.

मी हॉलच्या खिडकीतून खाली ओरडले, पोरांनी वर बघून हात हलवले. मग एकेक खिडकी लावत गेले. शेवटची स्वयंपाकघरातली. तिच्यातून फाटकावरचे घोडे दिसतात, आणि पलीकडे धुराडी. कडीवर हात ठेवून मी जरा थांबले. मागे तो नंबर फिरवत होता. मी अजून एक श्वास घेतला, खोल, आणि मग खिडकी लावली.